मराठी बायबल, पडत्या काळासाठी: कोणती प्रत घ्यावी, कुठून वाचावी

ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात मराठी बायबल मागितलं की बहुतेक ठिकाणी दोनच प्रश्न येतात: टाइप मोठा हवा की लहान, आणि कव्हरला चेन हवी का. प्रश्न कामाचे आहेत, पण तेवढ्यावर भागत नाही. घरात मोठं आजारपण आलंय, नोकरी गेलीय, कर्ज अंगावर आलंय किंवा घरचं माणूस गेलंय आणि आता विश्वासाचा आधार धरून उभं राहायचंय, अशा वेळी जो हे पुस्तक घ्यायला येतो त्याला आधी हे कळायला हवं की मराठीत बायबल एकच नाही. अनुवाद वेगवेगळे आहेत, छापील प्रतींचे प्रकार वेगळे आहेत, मोबाइलवरची सोय वेगळी. इथे सगळ्यांना एकच कसोटी लावली आहे: वाईट दिवसांत यातलं काय टिकतं.

ही कसोटी पुस्तकातलीच आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातली (७:२४-२७, म्हणजे सातवा अध्याय, वचनं २४ ते २७) दोन घरं सगळ्यांना माहीत असतात, एक खडकावरचं आणि एक वाळूवरचं. पण तिथे पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर सारखाच येतो, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. खडकावर बांधणाऱ्याला पावसातून सूट मिळालेली नाही. ऐकणारेही दोघं आहेत. फरक आहे तो ऐकल्याप्रमाणे वागण्यात. लूक ६:४८ मध्ये आणखी एक तपशील येतो: त्या माणसाने खोल खणून खडकावर पाया घातला. म्हणजे काम पूर येण्याआधीचं, आणि कष्टाचं. विश्वास ठेवला की संकट येणारच नाही, असं कोणी सांगत असेल तर तो त्याच्या पदरचं सांगतोय, या पुस्तकातलं नव्हे.

आता अनुवादांकडे. चर्चमध्ये सर्वाधिक चालतं ते भारतीय बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’, ज्याला लोक आर. व्ही. (रिवाइज्ड व्हर्जन) म्हणतात. भाषा ग्रांथिक आहे, वाक्यं लांब आहेत, आणि नव्या वाचकाला नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं यात जड जातात. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय पहिल्या वाचनात डोक्यावरून जाण्याचीच शक्यता जास्त. तरीही पडत्या काळासाठी आमची पहिली पसंती हीच प्रत. कारण साधं आहे: उपासनेत, प्रार्थना सभेत, दफनविधीत बहुसंख्य प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हाच पाठ कानावर पडतो. दवाखान्यात रात्री जे आठवतं ते कानावरून हजारदा गेलेलं असतं. घरी वाचायची प्रत आणि मंडळीत ऐकायचा पाठ वेगळे असले की तोंडपाठ होणं रखडतं, आणि ऐन वेळी दोन्हींची सरमिसळ होते.

समजून घेण्यासाठी मात्र दुसरी प्रत जवळ असावी. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ या कामाला उत्तम आहे. मराठी वळणाची, ओघवती भाषा. त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. ग्रंथ वजनदार आहे, टेबलावर ठेवून वाचायचा. पिशवीत टाकून दवाखान्यात नेण्याचा नाही. कॅथलिक वाचकाने आणखी एक पाहून घ्यावं: कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तकं आहेत, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. टोबीत, यहुदीत, मक्काबींची दोन पुस्तकं वगैरे सात पुस्तकांचा हा फरक आहे. आजारपण, अंधत्व, लांबलेली वाट आणि घरच्यांची काळजी टोबीतच्या गोष्टीत फार जवळून येते. ती हवी असेल तर प्रत घेण्यापूर्वी अनुक्रमणिका पाहावी. घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

पंडिता रमाबाईंचा अनुवाद आता बाजारात क्वचितच दिसतो, पण त्याच्याविषयी न बोलता पुढे जाणं बरोबर नाही. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८२ मध्ये नवरा गेला, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. हे सगळं सोसत, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून, या बाईंनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. अनुवाद छापून झाला १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात. कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं हा हेतू असल्याने वाक्यं सुटसुटीत आहेत. आज रोजच्या वाचनासाठी ही प्रत सुचवणार नाही, शब्दयोजना जुनी वाटते. पण कुठे मिळालीच तर स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं १५० स्तोत्रांचं पुस्तक, जरूर वाचावी. दुःख आतून माहीत असलेल्या बाईने ती मराठीत उतरवली आहे.

इंडियन रिवाइज्ड व्हर्जन आणि मराठी समकालीन आवृत्ती हे दोन अलीकडचे अनुवाद मोबाइलवर फुकट मिळतात. सोपे आहेत, तरुणांना बरे पडतात. कविता मात्र दोन्हींत थोडी सपाट होते, आणि संकटात वाचायचा भाग निम्म्याहून अधिक कविताच आहे.

छापील प्रत घेताना काय पाहावं? स्तोत्रसंहिता उघडा. कुठलंही पूर्ण बायबल मधोमध उघडलं की साधारण तिथेच उघडतं. पानामागचा मजकूर किती झिरपून दिसतो ते दिव्याखाली पाहा. बायबलचा कागद पातळच असतो, पण स्वस्त छपाईत मागच्या पानाच्या वेलांट्या आणि रफार पुढच्या ओळीत मिसळतात आणि जोडाक्षरं वाचताना डोळे दुखतात. वॉर्डातल्या मंद उजेडात तर ते वाचवतच नाही. मग पाठीकडची बांधणी पाहा: पानांच्या जुड्या दोऱ्याने शिवलेल्या आहेत की नुसता गोंद आहे. गोंदाची प्रत दोन पावसाळ्यांत मधोमध फाटते, आणि फाटते ती नेमकी स्तोत्रांपाशी, कारण तीच सगळ्यांत जास्त उघडली जातात. खुणा करायच्या तर पेन्सिलीने. जेल पेनची शाई मागे उतरते. कडेला बोटासाठी खाचा असलेली प्रत जास्त पैसे देऊन घ्यावी का? ज्यांना पुस्तकांचा क्रम पाठ नाही त्यांनी घ्यावी. सभेत पाळक ‘हबक्कूक’ म्हणाले की फायदा कळतो.

खिशात मावणारी ‘नवा करार, स्तोत्रसंहिता व नीतिसूत्रे’ अशी छोटी प्रतही मिळते. प्रवासाला छान, दवाखान्यात उशाशी ठेवायलाही छान. उणीव मोठी आहे: तिच्यात ईयोब (सगळं गमावलेल्या माणसाचं पुस्तक) नाही, विलापगीत नाही, आणि खचलेल्या एलीया संदेष्ट्याचा प्रसंगही नाही. एकूण ११८९ अध्यायांपैकी ४४१ तुमच्या हातात येतात, आणि दुःखावरचा जुना, कडवट, न घाबरता बोलणारा भाग नेमका बाहेर राहतो. ही दुसरी प्रत म्हणून घ्या, एकुलती एक म्हणून नको.

मोबाइलवर सर्वांत जास्त वापरलं जातं ते यूव्हर्जनचं बायबल अॅप. फुकट, जाहिराती नाहीत, मराठीत एकाहून अधिक अनुवाद, आणि काही अनुवाद उतरवून घेतले की नेटवर्क नसतानाही चालतात. दवाखान्याच्या तळघरातल्या एक्स-रे विभागाबाहेर हा शेवटचा गुण मोलाचा ठरतो. म्हणून उतरवून ठेवायचं काम आजच करावं. ऐकण्यासाठी ‘बायबल डॉट इज’ हे अॅपही आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या किंवा अक्षर न येणाऱ्या आजी-आजोबांना याच्याइतकी चांगली सोय दुसरी नाही. मार्कचं शुभवर्तमान १६ अध्यायांचं आहे. मोठ्याने वाचलं तर दीड तासाच्या आसपास संपतं. केमोच्या एका बैठकीत अख्खं ऐकून होतं.

पण अॅपमधल्या दोन गोष्टींना कमी गुण. पहिली, सलग किती दिवस वाचलं याची मोजणी. चांगल्या दिवसांत तिने शिस्त लागते. आईला अतिदक्षता विभागात ठेवलेल्या आठवड्यात ती तुटते, आणि माणसाला वाटतं की देवाकडेही आपली गैरहजेरी लागली. ही सूचना सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. दुसरी, रोज एक वचन. सुंदर चित्रावर एक ओळ, ती पुढे व्हॉट्सअॅपच्या गटात, तिथून पंचवीस जणांना. वचन खरं असतं. आगापीछा गेलेला असतो. पाया वाळूचा होतो तो इथे.

यिर्मया २९:११ घ्या. तुमच्या भल्याचे संकल्प माझ्यापाशी आहेत, भविष्य आणि आशा देणारे, असा त्याचा आशय. लग्नपत्रिकेपासून दहावीच्या निकालापर्यंत सगळीकडे हे वचन लागतं. पण ते आहे बाबेलात बंदी होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात, आणि लगेच आधीच्या दहाव्या वचनात सांगितलंय की सुटका ७० वर्षांनी. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांच्या हयातीत नाही. तोवर काय करायचं ते पाचव्या ते सातव्या वचनात आहे: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याचं कल्याण मागा. पूर्ण पत्र वाचलं तर लांबलेल्या संकटासाठी याहून व्यवहारी मजकूर सापडणं कठीण. अकरावी ओळ एकटीच वाचली तर तीन महिन्यांत निराशा, कारण निकाल लागलेला नसतो.

फिलिप्पैकरांस ४:१३ चंही तेच. ‘मी सर्व काही करू शकतो’ एवढंच उचललं जातं. वर दोन वचनं पाहिली तर पौल बोलतोय उपासमार आणि भरल्या पोटी राहणं या दोन्हींत समाधानी असण्याविषयी, आणि तेही बंदिवासातून. ‘देव सोसवेल एवढंच दुःख देतो’ हे तर सांत्वनाला आलेल्यांचं हमखास वाक्य. ते बायबलमध्ये नाही. १ करिंथकरांस १०:१३ मध्ये विषय परीक्षेचा, मोहात पडण्याचा आहे. मूल गेलेल्या आईच्या शोकाचा नाही. तिला ते ऐकवलं की अर्थ निघतो, तू अजून कमी पडतेस.

मग वाचावं कुठून? उत्पत्तीपासून ओळीने नको. वर्षात पूर्ण करायचं तर रोज तीन-चार अध्याय होतात. उत्पत्ती आणि निर्गमचा पहिला भाग गोष्टींच्या बळावर जातो, आणि महिना पुरा व्हायच्या आत निर्गम २५ येतो. निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं, पडदे, कड्या. मग लेवीयचे २७ अध्याय. ज्याचं डोकं आधीच थकलंय तो तिथे सोडतो, आणि परत पुस्तक हातात घेत नाही. नवा करार २६० अध्यायांचा आहे. आठवड्याला पाच दिवस, दिवसाला एक अध्याय धरला तर बरोबर वर्ष लागतं, शनिवार-रविवार मोकळे राहतात आणि राहिलेलं भरून काढता येतं. चालू दिवसांसाठी हा बेत धरा.

संकटाच्या दिवसांसाठी बेत वेगळा आणि फार लहान. सकाळी एक स्तोत्र, मोठ्याने. मनातल्या मनात वाचलं की डोळे पुढे सरकतात आणि मन डॉक्टरांच्या बिलावर जातं. आवाज लावला की दोन्ही एका ठिकाणी राहतात. स्तोत्र १३ पासून सुरू करा, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे, आणि पाचव्या-सहाव्यात भरवसा. तक्रार, मागणं, भरवसा, हा क्रम लक्षात ठेवा. शोकाच्या पुष्कळ स्तोत्रांचा सांगाडा हाच आहे. दुसऱ्या आठवड्यात याच क्रमाने वहीत स्वतःचं लिहा: देवाला हाक एक ओळ, तक्रार हव्या तेवढ्या ओळी, मागणं नेमकं, आणि शेवटी भरवशाची एक ओळ. भरवशाची ओळ येत नसेल तर तिची जागा मोकळी सोडा. लोक चुकतात ते इथे: तक्रार अश्रद्धा समजून गाळतात आणि थेट स्तुतीवर येतात, मग प्रार्थना पाठांतर होते आणि राग घरच्यांवर निघतो.

स्तोत्र ८८ मध्ये तर शेवटपर्यंत भरवशाचं वळण येतच नाही. अठराव्या वचनात ते अंधारापाशी संपतं. तरी ते स्तोत्रसंहितेत आहे, कोणी काढून टाकलेलं नाही. स्तोत्र २२ ची पहिली ओळ येशूने वधस्तंभावर उच्चारली. विलापगीत पाच अध्यायांचं: चार अध्यायांत २२-२२ वचनं आणि मधल्या तिसऱ्यात ६६. आशा आहे ती या तिसऱ्याच्या मधोमध, २१ ते २६ मध्ये. तिथून पुन्हा शोक सुरू होतो आणि पुस्तक एका अनुत्तरित प्रश्नावर थांबतं. ज्याचं दुःख दोन पावलं पुढे, तीन मागे असं चाललंय त्याला ही रचना ओळखीची वाटेल. अंगात त्राण नसेल त्या दिवशी १२० ते १३४ ही पंधरा यात्रेची स्तोत्रं. एक १३२वं सोडलं तर सगळी आखूड. १३१ आणि १३४ प्रत्येकी तीन वचनांची आहेत. वाचून मिटलं तरी चालतं.

ईयोब वाचायचा तर एका युक्तीने. पहिले दोन अध्याय आणि तिसरा वाचा, मग थेट ३८ ते ४२. मधले मित्रांचे संवाद लांब आणि फिरून फिरून तेच. ते नंतर, तब्येत सुधारल्यावर. पण ४२:७ आधीच पाहून ठेवा: माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाही, असं देव त्या मित्रांनाच सुनावतो. म्हणून ‘पापाचं फळ भोगतोयस’ छापाची मित्रांची वाक्यं फ्रेम करून भिंतीवर लावू नयेत, ती बायबलमध्ये छापलेली असली तरी. हे खरंच कुठे कुठे लावलेलं असतं.

आणि १ राजे १९. एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा लोटा उशाशी ठेवून म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत परत येऊन परत जेवायलाच घालतो. प्रश्न विचारला जातो तो नंतर, डोंगरावर. खचलेल्या माणसाला आधी झोप आणि जेवण, शिकवण मागाहून, हा क्रम पाळक आणि नातेवाईक दोघांनीही पाठ करण्यासारखा आहे.

या साधनाची मर्यादाही सांगायला हवी. एकट्याने वाचून ते अर्धंच चालतं. गलतीकरांस ६:२ मध्ये एकमेकांची ओझी वाहायला सांगितलंय, आणि प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या रोजच्या जेवणाच्या वाटपासाठी सात माणसं नेमली गेली. प्रार्थनेसोबत पंगतीची व्यवस्था. तुमच्या मंडळीत आजारी माणसाचा डबा, दवाखान्यातली रात्रपाळी, मुलांची शाळेची ने-आण हे कोण पाहतं, ते संकटाआधी माहीत करून घ्या. पाया खणण्यात हेही येतं. औषध सोडून नुसत्या प्रार्थनेवर राहायला सांगणाऱ्यांना पुस्तकाचा आधार नाही: पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३), आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता. स्वतः पौलाने, ज्या त्रासाला तो ‘देहातला काटा’ म्हणतो, तो जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे.

कोणाला भेट द्यायची असेल तर बायबल सोसायटीची मध्यम टाइपाची, शिवलेल्या बांधणीची प्रत घ्या. सोसायटी सवलतीच्या दरात विकते, त्यामुळे खिशाला फार चाट बसत नाही. फीत स्तोत्र १३ पाशी ठेवा, यिर्मया २९ पाशी नको. शोकाच्या घरी पहिल्या भेटीत पुस्तक नेऊ नका. ईयोबचे मित्र पहिले सात दिवस जमिनीवर गप्प बसले होते, आणि त्यांनी बरोबर केलं ते तेवढंच. पहिल्या आठवड्यात डबा न्या, पुस्तक महिन्याच्या प्रार्थनेला द्या, आणि देताना पहिल्या पानावर वचन लिहिण्याऐवजी तुमचा फोन नंबर लिहा.